केटो दर पाचव्या आठवड्यात का विरघळते? लहान रीफ टाकीतील रिफ्यूजियमची समस्या व तिचे निवारण

नवे रिफ्यूजियम, म्हणजे कोरलांच्या खाऱ्या पाण्याच्या मुख्य टाकीला जोडलेला शेवाळ वाढवण्याचा वेगळा कप्पा, सुरू केल्यावर पहिले तीन आठवडे सारे सुरळीत चालते. मुठीएवढा केटोमॉर्फा या तंतुमय शेवाळाचा गुंता, ज्याला आपण सगळे नुसते केटो म्हणतो, बघता बघता दुप्पट होतो आणि मुख्य टाकीची जी काच दोन दिवसांआड पुसावी लागत होती ती आठवड्यातून एकदा पुसली तरी चालते. चौथ्या आठवड्यात गुंत्याचा गडद हिरवा रंग पोपटी होतो. पाचव्या आठवड्यात तंतूंची टोके पारदर्शक दिसू लागतात, आणि एके सकाळी गुंता उचलायला हात घातला तर जो तंतू नायलॉनच्या दोऱ्यासारखा करकरीत असायला हवा तो भिजलेल्या कागदासारखा बोटांत तुटून येतो. केटोने शोषलेले पोषण अशा वेळी पुन्हा पाण्यात उतरते, आठवडाभरात काच आणि खडक तपकिरी होतात, मग नवे केटो आणले जाते, अधिक शक्तीचा दिवा बसवला जातो, आणि पाचव्या आठवड्यात हाच प्रकार पुन्हा घडतो.

माझ्या टाकीत हे चक्र तीनदा फिरले. पहिल्या दोन वेळा मी दिव्याला दोष दिला आणि तो बदलला. तिसऱ्या वेळी चाचण्यांची वही उघडून बसलो, तेव्हा केटोचे मुख्य अन्न असलेल्या नायट्रेटचे साप्ताहिक आकडे (पीपीएममध्ये, म्हणजे लिटरमागे मिलिग्रॅम) ओळीने असे दिसले: 10, 6, 2, 0, 0. केटो पोपटी झाल्याची नोंद चौथ्या आकड्यासमोर होती आणि नवा दिवा लावल्याची नोंद पाचव्या. म्हणजे ज्या आठवड्यात केटो उपाशी पडले होते, नेमक्या त्याच आठवड्यात मी त्याच्यावर प्रकाशाचा मारा वाढवला होता. लहान टाकीतले केटो नेमाने मरत असेल तर दहांपैकी बहुतेक वेळा कारण उपासमार हेच असते असे माझे मत आता झाले आहे, आणि त्यामागे साधा हिशेब आहे.

समजा टाकी आणि तिच्याखालची स्किमर-पंपांची टाकी, म्हणजे सम्प, मिळून प्रत्यक्ष पाणी 100 लिटर आहे आणि नायट्रेट 10 पीपीएम आहे. म्हणजे सगळ्या पाण्यात मिळून नायट्रेट भरले 1 ग्रॅम. नायट्रेटच्या वजनात नायट्रोजनचा वाटा सुमारे 22.6 टक्के असतो, तेव्हा हाती राहिला पाव ग्रॅमहूनही कमी नायट्रोजन. अंदाजापुरते केटोच्या ओल्या वजनाचा दहावा भाग कोरडा धरला आणि त्या कोरड्या भागात तीन टक्के नायट्रोजन धरला, तर हा सगळा साठा जेमतेम 75 ग्रॅम ओल्या वाढीत संपतो. 75 ग्रॅम केटो म्हणजे पाणी निथळवून हातात धरलेली एक मूठ. पुढचा पुरवठा माशांच्या खाद्यातून होतो, पण तोही तपासून पाहावा. दोन लहान माशांना रोज 0.2 ग्रॅम कोरडे खाद्य दिले, त्यात 45 टक्के प्रथिने असली आणि प्रथिनांत 16 टक्के नायट्रोजन धरला, तर दिवसाला सुमारे 14 मिलिग्रॅम नायट्रोजन टाकीत येतो. त्यातला कणही माशांच्या अंगी लागला नाही, फेसाबरोबर घाण बाहेर काढणाऱ्या स्किमरने ओढला नाही आणि कोरलांनी घेतला नाही असे मानले तरी त्यावर दिवसाला पाच ग्रॅमच्या आतच केटो वाढू शकते. उलट दोन आठवड्यांत दुप्पट होणाऱ्या 200 ग्रॅमच्या गुंत्याला रोज दहा ग्रॅम वाढ हवी असते. पुरवठा निम्मा आणि भूक दुप्पट, ही तफावत पाण्यात आधी साठलेले नायट्रेट असेपर्यंत झाकली जाते. तो साठा चौथ्या आठवड्यात संपतो, एवढाच या पाचव्या आठवड्याचा अर्थ आहे.

म्हणून रिफ्यूजियम मुख्य टाकीच्या दहा टक्के असावे की वीस टक्के, हा नेहमी विचारला जाणारा प्रश्न मला दुय्यम वाटतो. आकार ठरवण्याआधी टाकीत रोज किती खाद्य पडते हे मोजावे आणि केटोचा गुंता व दिव्याचे तास त्या खाद्याच्या प्रमाणात ठेवावेत.

खूण ओळखणे

उपासमारीची खूण अशी की फिकटपणा सगळ्या गुंत्यावर सारखा येतो, टोके आधी पारदर्शक होतात, आणि तंतू ताणला की लवचिकपणा न दाखवता तुटतो. याउलट बाहेरचा थर गडद हिरवा आणि गुंता उलगडल्यावर आतला गाभा पांढरा किंवा तपकिरी दिसत असेल, तर आतपर्यंत प्रकाश आणि प्रवाह पोहोचत नाही. तो गाभा कापून टाकावा, उरलेले केटो सैल पसरावे आणि दर आठवड्याला उलटे करावे, एवढ्याने काम भागते. फक्त दिव्याकडची बाजू पांढुरकी झाली असेल तर दिवा फार जवळ आहे. तंतूंवर तपकिरी भुकटी बसली असेल आणि गुंता बादलीत खळबळवल्यावर पाणी गढूळ होत असेल, तर तो साठलेला गाळ आहे. असे केटो टाकीच्याच काढलेल्या खाऱ्या पाण्यात धुवावे, नळाच्या पाण्यात धुऊ नये. हिरवेगार केटो एका रात्रीत विरघळले तर मात्र पोषणाचा विचार सोडून क्षारतेतील अचानक बदल, तापमान, किंवा मुख्य टाकीतील नको असलेले शेवाळ मारण्यासाठी घातलेले औषध यांकडे आधी पाहावे. केसाळ शेवाळावरचे औषध केटोला ओळखून वगळत नाही, आणि हे विसरणारे आपल्यात बरेच आहेत.

चाचणीचा शून्य आकडा वाचताना दोन ठिकाणी फसगत होते. पहिली अशी की मुख्य टाकीत केसाळ शेवाळ माजलेले असताना नायट्रेट शून्य आले, तर त्याचा अर्थ टाकीत पोषण येत नाही असा होत नाही. येणारे पोषण पाण्यात दिसण्याआधीच ते शेवाळ खाऊन टाकते, आणि रिफ्यूजियममधले केटो या शर्यतीत हरलेले असते. अशा वेळी बाहेरून नायट्रेट घालणे चूक ठरते. खडकावरचे शेवाळ आधी हाताने उपटून काढावे, गोगलगाई वाढवाव्यात आणि त्या काळात मुख्य टाकीच्या पांढऱ्या दिव्याचे तास कमी करून रिफ्यूजियमचे वाढवावेत. दुसरी फसगत फॉस्फेटची. कमी पल्ल्याचे काही डिजिटल चाचणीयंत्र फॉस्फेट न दाखवता फॉस्फरस दाखवते, तेही पीपीबीमध्ये, म्हणजे पीपीएमच्या हजाराव्या भागात. तो आकडा 3.066 ने गुणून हजाराने भागला की फॉस्फेटचे पीपीएम मिळतात, म्हणजे यंत्रावर 20 दिसले तर फॉस्फेट सुमारे 0.06 पीपीएम आहे. 20 हा आकडा पाहून घाबरलेल्या माणसाने जीएफओची, म्हणजे फॉस्फेट शोषणाऱ्या लोहयुक्त दाण्यांची, पिशवी सम्पमध्ये टांगावी आणि केटो मरावे, असेही घडते.

नायट्रेट संपते पण फॉस्फेट उरते, ते का

पाचव्या आठवड्यात बहुतेकांना नायट्रेट शून्य आणि फॉस्फेट 0.1 च्या आसपास अशी जोडी दिसते आणि त्यांचा गोंधळ उडतो. समुद्रशास्त्रज्ञ आल्फ्रेड रेडफील्ड यांनी 1934 पासून मांडलेले समुद्रातील सूक्ष्म प्लवकांचे कार्बन, नायट्रोजन व फॉस्फरस यांचे अणूंच्या संख्येतील 106:16:1 हे प्रमाण छंदाच्या वर्तुळात सर्वांना पाठ असते, पण केटो हे प्लवक नव्हे. ॲटकिन्सन आणि स्मिथ या संशोधकांनी 1983 मध्ये समुद्रतळावर वाढणाऱ्या शैवाल व वनस्पतींसाठी काढलेले मध्यम प्रमाण 550:30:1 आहे. चाचणीच्या भाषेत उतरवले तर असे शेवाळ फॉस्फेटच्या एका पीपीएममागे नायट्रेटचे सुमारे वीस पीपीएम ओढते, तर प्लवकांच्या प्रमाणात हा आकडा दहाच्या जवळपास असतो. खडक आणि वाळू फॉस्फेट धरून ठेवतात आणि पाण्यातले कमी झाले की हळूहळू सोडतात, हेही त्यात मिळवावे. साहजिकच नायट्रेट आधी संपते, आणि फॉस्फेट उरलेले असूनही केटो उपाशी राहते, कारण पानात भात वाढलेला असला तरी कालवणच नाही अशी त्याची गत झालेली असते.

माझ्या टाकीत मी नायट्रेट 3 ते 8 पीपीएम आणि फॉस्फेट 0.03 ते 0.1 पीपीएम या पल्ल्यात राखतो. नायट्रेट याहून खाली गेले की पहिला उपाय फुकटचा आहे: गुंता निम्मा करावा, दिव्याचे चार तास कमी करावेत, जिवाणूंकरवी नायट्रेट उतरवणारा व्होडका किंवा व्हिनेगरसारखा कार्बनचा डोस चालू असेल तर तो थांबवावा आणि स्किमर थोडा कोरडा, म्हणजे कमी आणि घट्ट फेस काढेल असा, चालवावा. माशांना खाद्य थोडे वाढवता येते, पण खाद्यातून फॉस्फेटही येते, तेव्हा फॉस्फेट आधीच 0.1 च्या वर असेल तर हा मार्ग उपयोगाचा नाही.

दहा दिवसांत आकडा हलला नाही तर शुद्ध प्रतीचे सोडियम नायट्रेट वापरावे. 10 ग्रॅम सोडियम नायट्रेट आरओ पाण्यात विरघळवून एकूण द्रावण एक लिटर करावे. त्याच्या दर मिलिलिटरमध्ये सुमारे 7.3 मिलिग्रॅम नायट्रेट असते, त्यामुळे 100 लिटर प्रत्यक्ष पाण्यात नायट्रेट 1 पीपीएमने वाढवायला साधारण 14 मिलिलिटर लागते. खडक आणि वाळूने व्यापलेली जागा वजा करूनच पाणी मोजावे, काचेच्या बाहेरच्या मापावर जाऊ नये. एका दिवसात 1 पीपीएमहून अधिक वाढवू नये आणि दुसऱ्या दिवशीचा डोस चाचणी करूनच द्यावा, कारण भुकेले केटो पहिल्या काही दिवसांत घातलेले सगळे गिळते आणि मग अचानक आकडा वर चढतो. पोटॅशियम नायट्रेटही चालते, पण महिनोन्महिने वापरल्यास पोटॅशियम साठत जाते, म्हणून मी ते टाळतो.

नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही दीर्घकाळ शून्यावर राहिल्यास केवळ केटोच मरते असे नाही. कोरलांचा रंग उतरतो, आणि खडकांवर बुडबुडे अडकलेला तपकिरी चिकट तंतुमय थर, म्हणजे डायनो, येण्याची शक्यता वाढते. डायनोशी झुंजण्यापेक्षा 5 पीपीएम नायट्रेट सांभाळणे शतपटीने सोपे आहे.

दोन्ही आकडे योग्य पल्ल्यात असूनही केटो पिवळट राहिले तर लोह कमी पडत असण्याचा संशय घ्यावा. समुद्राच्या पाण्यातच लोह इतके अल्प असते की घरगुती चाचणीने ते मोजण्यात अर्थ नाही. आधी एक पाणीबदल करून पाहावा, आणि त्यानंतर आठवड्याभरात नव्या टोकांचा रंग गडद झाला तर लोहयुक्त सूक्ष्मद्रव्यांचा डोस बाटलीवर सांगितलेल्या मात्रेच्या चौथाईने सुरू करावा.

मांडणीतल्या चुका

ज्यांचे रिफ्यूजियम अजून कागदावरच आहे त्यांनी पाण्याचा मार्ग असा ठेवावा: मुख्य टाकीतून येणारे पाणी आधी गाळणीत, मग स्किमरच्या कप्प्यात, मग रिफ्यूजियममध्ये आणि शेवटी पाणी परत मुख्य टाकीत चढवणाऱ्या रिटर्न पंपाकडे. रिफ्यूजियम सर्वांत आधी ठेवल्यास ते गाळ बसण्याची टाकी बनते. काही जण सूक्ष्मजीवांसाठी प्रवाह अगदी मंद ठेवतात, पण केटोच्या तंतूंभोवतीचा पाण्याचा स्थिर थर मोडायला हालचाल लागते आणि गुंता सावकाश गरगरत राहिला तर त्याच्या सर्व बाजूंना आळीपाळीने प्रकाशही मिळतो. तासाला रिफ्यूजियमच्या पाण्याच्या दहापट प्रवाह मी किमान मानतो. तळाला वाळू घालू नये. एवढ्याशा कप्प्यात चार बोटे वाळू घातल्याने नायट्रेट उतरण्यापेक्षा गाळच अधिक साठतो. वाळूऐवजी लाइव्ह रॉकचे, म्हणजे जिवाणू वसलेल्या सच्छिद्र खडकाचे, लहान तुकडे एका प्लास्टिकच्या टोपलीत ठेवले तर कोपेपॉड आणि ॲम्फिपॉड या चिमुकल्या कवचधारी जीवांना आसरा मिळतो आणि साफसफाईच्या वेळी टोपली उचलता येते.

वीज गेल्यावर काय होते, याचा हिशेब मात्र पैन्पै करावा. मुख्य टाकी 60 बाय 45 सेंटिमीटर असेल तर तिच्यातले 1 सेंटिमीटर पाणी म्हणजे 2.7 लिटर. रिटर्न पाइपचे तोंड पृष्ठभागाखाली 4 सेंटिमीटर असेल, तर पंप थांबताच सायफनने 10.8 लिटर पाणी खाली येते. सम्प 60 बाय 30 सेंटिमीटरचा असेल तर तेवढ्या पाण्याने त्यातली पातळी 6 सेंटिमीटरने चढते, आणि पाइपांतले पाणी त्याहून वेगळे. फरशी ओली होते ते लगेच कळते, पण रिफ्यूजियमचे नुकसान गुपचूप होते. पातळी मधल्या काचेच्या वर चढली की तरंगणारा केटोचा गुंता अलगद पलीकडच्या कप्प्यात जातो, वीज परत आल्यावर पंपाच्या तोंडाशी ओढला जातो, आणि सकाळी मुख्य टाकीत येणारी धार करंगळीएवढी झालेली दिसते. माझ्या पंपाच्या पात्यावर केटो असे घट्ट गुंडाळले गेले होते की ते कात्रीने कापून काढावे लागले. मधल्या काचेवर चौकोनी भोकांची प्लास्टिक जाळी चढत्या पातळीच्याही वर दोन सेंटिमीटर राहील अशी बसवावी आणि रिटर्न पाइपला पृष्ठभागाच्या किंचित खाली सायफन तोडणारे छिद्र पाडावे. त्या छिद्रात एखादी छोटी गोगलगाय जाऊन बसते किंवा गुलाबी कोरलाइन शेवाळ ते बुजवते, म्हणून दर महिन्याला पंप मुद्दाम बंद करून पाणी कुठवर चढते ते डोळ्यांनी पाहावे. एकदिशा झडपेवर विसंबू नये, तिच्यात कचरा अडकून ती अर्धवट उघडी राहते.

दिव्यासाठी लाल-निळा एलईडी किंवा साधा 6500 केल्विनचा पांढरा, कोणताही चालतो. लाल-निळ्यात केटो काळे दिसते आणि फिकटपणा लवकर ओळखू येत नाही, म्हणून पाहणी करताना पांढरा टॉर्च जवळ ठेवावा. सुरुवात रोज सहा तासांनी करावी आणि नायट्रेट 5 च्या वर स्थिर राहिले तरच दर आठवड्याला एक तास वाढवावा. मुख्य टाकीचे दिवे मालवल्यावर रिफ्यूजियमचा दिवा लागेल अशी वेळ ठेवली की रात्री श्वसनाने वाढणारा कार्बन डायऑक्साइड केटो वापरते आणि पहाटेचा पीएच कमी घसरतो. माझ्याकडे पहाटेचा आकडा 7.85 वरून 8.0 वर आला. प्रकाश शेजारच्या कप्प्यांत सांडू नये म्हणून काचेला बाहेरून काळी फिल्म लावावी, अन्यथा पंपावर आणि पाइपांत शेवाळ धरते. मागे कप्पे असलेल्या एकसंध टाक्यांमध्ये याच्या उलट करावे लागते, तिथे मागच्या काचेवरची काळी फिल्म केटोच्या कप्प्यापुरती खरवडून दिवा बाहेरून चिकटवतात. अशा अरुंद कप्प्यात 50 ग्रॅमहून अधिक केटो कोंबू नये.

केटो टिकत नाही म्हणून वैतागून कौलर्पा आणण्याचा मोह होतो, तो टाळावा. कौलर्पाचा अख्खा पसारा एकाच अखंड पेशीचा असतो, आणि तो प्रजननाच्या अवस्थेत गेला की आतला सगळा द्रव पाण्यात ओतून पांढरा सांगाडा मागे ठेवतो. 100 लिटर पाण्यात त्या रात्री प्राणवायू इतका खाली जाऊ शकतो की मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकतात. शिवाय याच कुळातील कौलर्पा टॅक्सिफोलिया 1984 मध्ये मोनॅकोच्या किनाऱ्यालगत आढळले आणि पुढे भूमध्य समुद्रात मैलोन्मैल पसरले. छाटलेले कोणतेही शेवाळ, केटोसुद्धा, गटारात किंवा समुद्रात न टाकता वाळवून कचऱ्यात द्यावे.

छाटणीचे वेळापत्रक वजनावर चालवावे. दर रविवारी केटो पाच मिनिटे जाळीवर निथळू द्यावे, तराजूवर ठेवावे आणि वाढलेले वजन तेवढेच कापून काढावे. पोषण टाकीतून बाहेर जाते ते या कापलेल्या तुकड्याबरोबर. गुंता कप्पाभर होऊ दिला आणि कापलाच नाही, तर आतला भाग कुजून ते सगळे परत पाण्यात येते. वजनाचा आणखी एक फायदा असा की एखाद्या रविवारी वाढ शून्य आली तर रंग बदलण्याच्या आठवडाभर आधी इशारा मिळतो. त्या दिवशी नायट्रेट तपासावे आणि दिव्याचे दोन तास कमी करावेत.

एवढे करूनही नायट्रेट डोसशिवाय शून्यावरच जात असेल, तर त्या टाकीत केटोला पुरेल एवढे जास्तीचे पोषणच नाही असे समजावे. एक-दोन मासे आणि भरपूर कोरल असलेल्या टाकीत हे सहज घडते, आणि तिथे केवळ केटो जगवण्यासाठी रोज नायट्रेट ओतत राहणे मला पटत नाही. अशा वेळी केटो दर आठवड्याला एक चतुर्थांश याप्रमाणे महिनाभरात काढून टाकावे, दिवा बंद करावा आणि खडकाच्या तुकड्यांच्या दोन टोपल्या त्या कप्प्यात ठेवाव्यात. टोपलीची जाळी मोठी असावी, म्हणजे गाळ आत न अडकता खाली बसतो आणि पाणीबदलाच्या वेळी नळीने ओढून घेता येतो. काढलेल्या केटोतले कोपेपॉड वाया जाऊ नयेत म्हणून प्रत्येक तुकडा बादलीभर खाऱ्या पाण्यात जोराने झटकावा, आणि ते पाणी बारीक कापडातून न गाळता टोपल्यांवर सावकाश ओतावे.